न पसरणारा प्रकाश: लॅपटॉपवर पहिला डिस्क्रीट सॉलिटॉन मिळवताना

सतारीच्या मुख्य तारांखाली तरफेच्या बारीक तारा असतात. वरची तार छेडली की त्याच सुराला लावलेली तरफ आपोआप झंकारते. तिचा सूर जरा उतरलेला असेल तर ती गप्प राहते. या लेखातली सगळी करामत एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे. शेजाऱ्याशी सूर जुळला की ऊर्जा त्याच्याकडे जाते, सूर तुटला की जागच्या जागी राहते. इथे मात्र प्रकाश स्वतःच्याच तीव्रतेने स्वतःचा सूर बदलतो आणि शेजाऱ्यांपासून तुटतो. असा स्वतःच्याच जोरावर, न पसरता, आकार राखून पुढे जाणारा झोत म्हणजे सॉलिटॉन. तो सलग पदार्थात नसून सुट्या वाटांच्या रांगेत असेल तर डिस्क्रीट सॉलिटॉन.

हा लेख बीएस्सी किंवा इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. संमिश्र संख्या, थोडं कलनशास्त्र आणि जुजबी प्रोग्रॅमिंग येत असलं की पुरे. एका रविवारी सुरुवात केली तर पुढच्या रविवारपर्यंत स्वतःच्या लॅपटॉपवर स्वतः शोधलेला सॉलिटॉन दिसेल, आणि तो खरा आहे हे तुम्हाला आकड्यांनिशी सांगताही येईल. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पडद्यावर एक उजळ रेघ दिसली म्हणून तो सॉलिटॉन होत नाही.

नेमकं काय चाललं आहे

अर्धवाहकाच्या एका चिपवर एकमेकांना समांतर, अगदी एकसारखे शंभरेक वेव्हगाइड, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या अरुंद वाटा, कोरलेले आहेत असं समजा. त्यांच्यामध्ये दार नाही. पण गाइडमधल्या प्रकाशलहरीचं शेपूट भिंतीबाहेर थोडं डोकावतं आणि शेजारच्या गाइडला स्पर्श करतं. दोन्ही गाइड सारखेच, म्हणजे सूर जुळलेला, म्हणून प्रकाश हळूहळू तिकडे झिरपतो. तिथून पुढच्या शेजाऱ्याकडे, तिथून आणखी पुढे. मधल्या एकाच गाइडमध्ये सोडलेला प्रकाश चिपच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत डावी-उजवीकडे पांगलेला असतो. याला डिस्क्रीट विवर्तन म्हणतात.

आता प्रकाशाची तीव्रता वाढवा. केर परिणामामुळे जिथे तीव्रता जास्त तिथे पदार्थाचा अपवर्तनांक किंचित वाढतो. मधला गाइड आता शेजाऱ्यांसारखा राहत नाही. त्याचा सूर चढतो, शेजारी तरफ गप्प होते आणि प्रकाश तिथेच वाहत राहतो. कोणी बाहेरून खड्डा खणून दिलेला नाही. प्रकाशाने स्वतःच खणला आणि स्वतःच त्यात राहिला.

अशी स्थिर अवस्था असू शकते हे क्रिस्टोडुलिडीस आणि जोसेफ यांनी १९८८ मध्ये कागदावर मांडलं. प्रयोगात ती दिसायला दहा वर्षं गेली. १९९८ मध्ये आयझेनबर्ग, सिल्बरबर्ग, मोरँडोट्टी, बॉइड आणि एचिसन यांनी ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडच्या सहा मिलिमीटर लांब नमुन्यात ती दाखवली. त्यांची चित्रं मी अजूनही नवख्यांना सगळ्यात आधी दाखवतो. ७० वॉट शिखरशक्तीला प्रकाश दोन ठळक कडांमध्ये विभागून पांगलेला, ३२० वॉटला आक्रसू लागलेला आणि ५०० वॉटला मधल्या मोजक्या गाइडमध्ये गोळा झालेला. नमुना तोच, शिरण्याची जागा तीच. बदलली ती फक्त शक्ती.

पायरी पहिली: दोरी, दोन नट आणि पाऊण तास

कॉम्प्युटर उघडण्याआधी हे करा. दोन खुर्च्यांमध्ये एक दोरी ताणून बांधा. तिच्यावरून दोन जड लोखंडी नट अगदी समान लांबीच्या दोऱ्यांनी लोंबकळत सोडा. एकाला दोरीच्या काटकोनात छोटासा झोका द्या. थोड्या वेळात तो मंदावतो आणि दुसरा झुलू लागतो, मग पुन्हा उलटं. दोरी जितकी ताणलेली, तितकी ही देवाणघेवाण सावकाश होते. एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे पूर्ण जायला किमान पन्नास झोके लागतील इतका ताण ठेवा. आपल्याला जोड कमकुवत हवी आहे.

आता त्याच नटाला साठ-पासष्ट अंशांपर्यंत ओढून सोडा. मोठ्या झोक्याचा आवर्तकाळ लहान झोक्यापेक्षा जास्त असतो. ६० अंशांना तो सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. शाळेत आवर्तकाळ झोक्याच्या आकारावर अवलंबून नसतो असं शिकवतात, ते फक्त छोट्या झोक्यांपुरतं खरं आहे. हा ७ टक्क्यांचा फरक सूर तोडायला पुरतो. शेजारचा नट थोडा हलतो, पण ऊर्जा त्याच्याकडे जात नाही. हवेच्या घर्षणाने मोठा झोका लहान होत गेला की सूर पुन्हा जुळू लागतो आणि अडकलेली ऊर्जा निसटते. खऱ्या वेव्हगाइडमध्येही प्रकाश शोषला जातो तेव्हा शेवटी हेच होतं. ही गोष्ट हाताने अनुभवलेली असली की पुढची समीकरणं परकी वाटत नाहीत.

पायरी दुसरी: समीकरण, पण एकच

प्रत्येक गाइडला एक संमिश्र संख्या द्या. तिचा मानवर्ग म्हणजे त्या गाइडमधली शक्ती आणि तिचा कोन म्हणजे प्रकाशाची कला, म्हणजेच फेज. नियम असा:

आयाम बदलण्याचा दर = काल्पनिक एकक × [ क × (डावा आयाम + उजवा आयाम) + ग × (स्वतःचा मानवर्ग) × (स्वतःचा आयाम) ]

इथे दर वेळेनुसार नाही, चिपवर पुढे सरकलेल्या अंतरानुसार आहे. नवखे इथे हमखास अडखळतात. या विषयात वेळेची जागा अंतर घेतं, म्हणून चिपची लांबी म्हणजे जणू तुमच्या चित्रपटाचा कालावधी. क म्हणजे शेजाऱ्यांमधली जोड आणि ग म्हणजे पदार्थाची अरेखीयता, म्हणजे तीव्रतेने सूर किती बदलतो त्याचं माप.

सुरुवातीला दोन्ही सरळ १ धरा. यात काही गमावत नाही. अंतर क च्या मापात आणि शक्ती क भागिले ग च्या मापात मोजायची एवढंच. समजा तुमच्या नमुन्यात क दर मिलिमीटरला ०.५ असेल, तर प्रोग्रॅममधलं १ एकक म्हणजे २ मिलिमीटर.

पायरी तिसरी: प्रोग्रॅम

पायथन आणि नमपाय असेल तर उत्तम, ऑक्टेव्ह असेल तरी चालेल. दोन्ही फुकट मिळतात. १०१ संमिश्र संख्यांची एक रांग घ्या, सगळ्या शून्य. फक्त ५१ व्या जागी एकूण शक्तीचं वर्गमूळ ठेवा. चौथ्या कोटीची रुंगे-कुट्टा पद्धत (असं समीकरण छोट्या पावलांनी सोडवण्याची रीत) वापरून ०.०१ च्या पावलांनी अंतर १० पर्यंत जा. प्रत्येक दहाव्या पावलाला सगळे मानवर्ग साठवा आणि शेवटी ते रंगीत पटासारखे मांडा: आडवे गाइड, उभं अंतर.

ऑयलरची साधी पद्धत वापरू नका. तिच्यात एकूण शक्ती आपोआप फुगत जाते, आणि इथे शक्ती वाढली की प्रकाशाची वागणूकच बदलते. म्हणजे गणिताची चूक तुम्हाला खोटा सॉलिटॉन बनवून देईल. दर पावलाला सगळ्या मानवर्गांची बेरीज तपासा. सुरुवातीच्या आकड्यापासून ती पाचव्या-सहाव्या दशांश अंकाआधी हलत असेल तर पाऊल अर्धं करा.

पायरी चौथी: आधी पांगलेला प्रकाश नीट बघा

बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि पुढे सगळ्यात जास्त वेळ इथल्याच चुका शोधण्यात घालवतात. म्हणून इथे थांबा.

ग शून्य करा, मधल्या गाइडमध्ये शक्ती १ सोडा. या प्रश्नाचं अचूक उत्तर माहीत आहे. कला बाजूला ठेवली तर मधल्यापासून न घरं दूर असलेल्या गाइडमधला आयाम म्हणजे न कोटीचं बेसेल फल (लहरींच्या गणितात नेहमी येणारं एक फलन), आणि त्याच्या आत २ × क × अंतर. त्यामुळे तुमच्या प्रोग्रॅमला हे तीन प्रश्न विचारता येतात.

पहिला: मधला गाइड प्रथम पूर्ण रिकामा कधी होतो? शून्य कोटीच्या बेसेल फलाचं पहिलं शून्य २.४०४८ ला आहे, म्हणजे अंतर १.२०२४ ला. तुमच्या पटावर तिथे मध्यभागी काळा ठिपका हवा.

दुसरा: अंतर ५ ला मध्यभागी किती उरतं? सुमारे ६ टक्के. आणि सगळ्यात उजळ गाइड कोणते? मधल्यापासून दोन्ही बाजूंना आठवे, प्रत्येकी सुमारे १० टक्के. डावा-उजवा आकडा वेगळा आला तर रांगेतल्या क्रमांकात एकाची चूक आहे.

तिसरा: पांगण्याचा वेग किती? कडा दर एककाला २ गाइड पुढे जातात. १०१ गाइडच्या रांगेत मधून कडेपर्यंत ५० घरं, म्हणून साधारण अंतर २५ ला प्रकाश कडेवर आपटेल आणि परत फिरेल. हे लक्षात ठेवा. कडेवरून परतलेली लाट आणि मध्यभागातला प्रकाश एकमेकांत मिसळले की सुरेख नक्षी उमटते. त्या नक्षीला अरेखीय परिणाम समजून आठवडा वाया घालवणारे मी पाहिले आहेत. लांब चालवायचं असेल तर गाइड वाढवा.

उघड्या हवेतल्या किंवा काचेतल्या झोतापेक्षा हे चित्र वेगळं आहे, तेही बघून घ्या. तिथे झोत पसरला तरी मध्यभाग सगळ्यात उजळ राहतो. इथे उजळपणा कडांकडे पळतो आणि मध्य फिका पडतो. १९९८ च्या प्रयोगात ७० वॉटला दिसलेल्या दोन कडा याच.

पायरी पाचवी: शक्ती वाढवा

आता ग पुन्हा १ करा आणि एकाच गाइडमध्ये शक्ती १, २, ३, ३.५, ४, ५, ६ अशी सोडत जा. प्रत्येक वेळी शेवटच्या टोकाला मधल्या गाइडमध्ये एकूण शक्तीचा कितवा हिस्सा उरला ते लिहून ठेवा. आलेख काढा. १ आणि २ ला जवळजवळ बेसेलचंच चित्र, थोडं आखडलेलं. मग ४ च्या किंचित आधीच चित्र पालटतं. ५ आणि ६ ला मधोमध उजळ रेघ उरते आणि सुरुवातीला सांडलेला थोडा प्रकाश दोन्ही बाजूंना निघून जातो.

हा ४ कुठून आला? याचं उत्तर पाच ओळींत येतं, आणि माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात सुंदर युक्तिवाद आहे. शक्तीबरोबर आणखी एक राशी प्रवासभर कायम राहते, तिला हॅमिल्टोनियन म्हणतात. तिचे दोन भाग आहेत: शेजाऱ्यांच्या जोडीचा आणि अरेखीयतेचा. सगळी शक्ती एकाच गाइडमध्ये असताना जोडीचा भाग शून्य असतो आणि अरेखीय भाग असतो ग × शक्तीचा वर्ग ÷ २. प्रकाश पूर्ण पांगला तर अरेखीय भाग शून्याकडे जातो, म्हणजे सगळा हिशेब जोडीच्या भागाला पुरा करावा लागतो. पण जोडीचा भाग २ × क × शक्ती याच्या पलीकडे जाऊच शकत नाही. म्हणून ग × शक्ती ÷ क चारपेक्षा जास्त असेल तर प्रकाशाला पूर्ण पांगण्याची मुभाच उरत नाही. काहीतरी मागे राहणं भाग आहे.

युक्तिवाद फक्त एवढंच सांगतो की ४ च्या वर पांगणं अशक्य. ४ च्या खाली काय होईल याची हमी तो देत नाही. म्हणूनच प्रत्यक्षातला बदल थोडा आधी दिसतो. आणि गंमत म्हणजे फक्त दोनच गाइड घेतले तरी एका बाजूला अडकून राहण्याची मर्यादा हीच, नेमकी ४. अशा दोन गाइडच्या अरेखीय कपलरचा अभ्यास जेन्सन यांनी १९८२ मध्ये केला होता.

इथे प्रोग्रॅमची आणखी एक छान परीक्षा घेता येते. ग चं चिन्ह उलटं करा, म्हणजे तीव्रतेने अपवर्तनांक वाढण्याऐवजी कमी होणारा पदार्थ घ्या. एका गाइडमधून सुरुवात केली असेल तर तीव्रतेचं चित्र तसूभरही बदलणार नाही. सलग पदार्थात असा पदार्थ झोताला आणखी फाकवतो, पण जाळीत, म्हणजे गाइडच्या रांगेत, तोही त्याला बांधतो. सूर चढो की उतरो, शेजाऱ्यापासून तुटला म्हणजे झालं. फरक कलेत दिसतो: ग धन असताना सॉलिटॉनमधले शेजारी एकाच कलेत असतात, ऋण असताना एकाआड एक उलट्या. चित्र बदललं तर प्रोग्रॅममध्ये चूक आहे.

पायरी सहावी: खरा सॉलिटॉन सोडवून काढा

पाचव्या पायरीत जे मिळालं ते सॉलिटॉन आणि सांडलेला प्रकाश यांचं मिश्रण होतं. आता शुद्ध रूप हवं. असा आकार हवा जो पुढे सरकताना तसूभर बदलत नाही. सगळ्या गाइडमधली कला मात्र एकाच दराने फिरत राहते. त्या दराला ब म्हणू. ग आणि क दोन्ही १ असताना प्रत्येक गाइडसाठी अट अशी होते:

− ब × स्वतः + डावा + उजवा + स्वतःचा घन = ०

एकशे एक वास्तव संख्या, एकशे एक समीकरणं. न्यूटनची पद्धत (अंदाज फेरीफेरीने सुधारत नेण्याची) लावा. तिला लागणारा जेकोबियन, म्हणजे अवकलांचा तक्ता, तीनच कर्णांचा आहे: मुख्य कर्णावर (− ब + ३ × वर्ग) आणि दोन्ही बाजूंच्या कर्णांवर १. सुरुवातीचा अंदाज म्हणून मधल्या गाइडला ब चं वर्गमूळ द्या, बाकी सगळ्यांना शून्य. जोड तोडून टाकली तर हेच नेमकं उत्तर असतं, म्हणून जोड तुलनेने कमकुवत असताना हा अंदाज उत्तराच्या जवळ पडतो. पाच-सहा फेऱ्यांत काम होतं.

ब = ४ घेऊन पाहा. मधला आयाम सुमारे १.८५, शेजारचे ०.५४, त्यापुढचे ०.१४ आणि एकूण शक्ती सुमारे ४.०४ यायला हवी. मधल्या एकट्या गाइडमध्ये जवळपास ८५ टक्के. शेपटाकडे जाताना प्रत्येक आयाम आधीच्याच्या साधारण ०.२७ पट असेल. तो आकडाही हाताने काढता येतो: दूरवर घन नगण्य असतो, मग उरतं ते गुणोत्तर + १ ÷ गुणोत्तर = ब, आणि ब = ४ साठी त्याचं उत्तर २ वजा ३ चं वर्गमूळ, म्हणजे ०.२६८.

हा आकार तिसऱ्या पायरीच्या प्रोग्रॅममध्ये घाला आणि अंतर ५० पर्यंत चालवा. पटावर सरळ उभ्या रेघा दिसल्या पाहिजेत, कुठेही थरथर नको. मधल्या गाइडची कला मोजली तर ती दर एककाला ४ रेडियन फिरताना दिसेल.

इथे प्रत्येक विचारी विद्यार्थी एक शंका काढतो. पाचव्या पायरीत जवळपास ४ शक्ती लागली. पण सहाव्या पायरीत ब कमी करत २ च्या जवळ नेला तर एकूण शक्ती शून्याकडे जाते, तरीही सॉलिटॉन मिळतोच, फक्त रुंद होत जातो. मग किमान शक्ती आहे की नाही? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकमितीय रांगेत सॉलिटॉनला किमान शक्ती लागत नाही. लागते ती सगळा प्रकाश एकाच गाइडमध्ये कोंबून सुरुवात केली तर. योग्य आकाराने आत शिरलात तर थोड्या शक्तीतही बांधलेला झोत मिळतो. प्रयोगशाळेत आत जाणाऱ्या झोताची रुंदी जपून निवडतात ती याचसाठी.

ब २ च्या खाली का जात नाही? कारण कमी तीव्रतेचा प्रकाश या जाळीत − २ ते + २ या पट्ट्यातल्याच दरांनी वाहू शकतो. सॉलिटॉनचा दर त्या पट्ट्यात पडला तर जाळीतल्या साध्या लाटांशी त्याचा सूर जुळतो आणि तो गळू लागतो. तरफेची तीच गोष्ट, आता सगळ्या जाळीशी.

पायरी सातवी: ढकलून पाहा

रुंद सॉलिटॉन बनवा. आयाम = ०.२८३ × हायपरबोलिक सेकंट (न ÷ ५). त्याची एकूण शक्ती सुमारे ०.८ येते. आता प्रत्येक गाइडच्या आयामाला न × ०.३ रेडियन इतकी कला द्या. याचा अर्थ झोत किंचित तिरका सोडला. तो दर एककाला साधारण ०.६ गाइड या वेगाने, आकार राखत, बाजूला सरकत जाईल.

मग ब = ४ चा अरुंद सॉलिटॉन घ्या आणि तोच धक्का द्या. तो जागचा हलत नाही. थोडा थरथरतो, थोडा प्रकाश सांडतो आणि तिथेच बसतो. एका गाइडवरून दुसऱ्यावर जायचं तर त्याला दोघांच्या बरोबर मधोमध अशा स्थितीतून जावं लागतं, आणि ती स्थिती अस्थिर असते. या अडथळ्याला पायर्ल्स-नाबारो अडथळा म्हणतात. नाव स्फटिकांमधल्या दोषांच्या अभ्यासातून आलं आहे. शक्ती जितकी जास्त तितका अडथळा उंच. मधोमधचा अस्थिर आकारही न्यूटनच्या पद्धतीने काढता येतो: सुरुवातीला दोन शेजारी गाइड सारखेच उजळ ठेवा. मग त्यातल्या एकाला हजारात एक इतका जास्तीचा प्रकाश द्या आणि पुढे चालवा.

कलेतला फरक ०.३ ऐवजी १.५७, म्हणजे पाव वर्तुळ, केला तर रेखीय, म्हणजे अगदी कमी शक्तीच्या, झोताचंही वेगळं रूप दिसतं. तो सगळ्यात वेगाने, दर एककाला २ गाइड सरकतो आणि तरी जवळपास पसरत नाही. त्याहून मोठ्या कोनांना विवर्तनाचं चिन्हच उलटतं. सलग काचेत हे शक्य नाही. ही जाळीची देणगी आहे.

सॉलिटॉन आहे असं म्हणण्याआधी

उजळ रेघ दिसली की माझ्या या चार अटी. शक्ती शंभरपट कमी करून तोच प्रयोग करा. रेघ तरीही राहिली तर तो सॉलिटॉन नव्हे, कुठलातरी गाइड इतरांपेक्षा वेगळा आहे आणि प्रकाश त्या दोषात अडकला आहे. पाऊल अर्धं करा, चित्र तेच राहिलं पाहिजे. गाइड दुप्पट करा, तरीही तेच. आणि लांबी दुप्पट करा: आखूड नमुन्यात नुसता सावकाश पांगणारा प्रकाशही बांधल्यासारखा दिसतो. या चारही अटी खऱ्या प्रयोगालाही लागू पडतात. तिथे पाऊल नसतं, पण कॅमेरा असतो. कॅमेऱ्याचे पिक्सेल भरून गेले की मधला उजेड सपाट होतो आणि झोत आहे त्यापेक्षा रुंद दिसतो. मध्ये फिल्टर घाला.

शब्दाबद्दलही एक खुलासा. काटेकोर गणिती अर्थाने सॉलिटॉन एकमेकांना धडकूनही आकार न बदलता बाहेर पडतात. आपलं समीकरण त्या जातीचं नाही. अब्लोविट्झ आणि लॅडिक यांनी सत्तरच्या दशकात मांडलेलं त्याचं भावंड त्या जातीचं आहे. प्रकाशशास्त्रात शब्द सैलपणे वापरतात, आणि ते चालतं, फक्त वापरताना आपल्याला ठाऊक असावं.

खऱ्या पदार्थांकडे जाताना

आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी अर्धवाहक का निवडला? ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडचा केर गुणांक साध्या सिलिका काचेच्या काही शे पट आहे. पण अर्धवाहक प्रकाश शोषूनही घेतो. त्यांनी १.५३ मायक्रॉन तरंगलांबी घेतली, कारण तिथे एका फोटॉनची ऊर्जा पदार्थाच्या बँडगॅपच्या (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणाऱ्या किमान ऊर्जेच्या) निम्म्याहून कमी पडते आणि दोन फोटॉन एकत्र शोषले जाण्याचा मोठा तोटा टळतो. शेकडो वॉट सतत देणं शक्य नसतं, म्हणून फेम्टोसेकंदांत मोजावे लागणारे स्पंद वापरतात. स्पंदाचं शिखर बांधलं जातं, पण त्याची पुढची आणि मागची बाजू कमी तीव्रतेची असल्याने पांगतच राहते. कॅमेरा दोन्हींची बेरीज दाखवतो. म्हणून प्रयोगातल्या सॉलिटॉनभोवती फिकी पार्श्वभूमी दिसली तर ती चूक नाही. तुमच्या प्रोग्रॅममध्ये हे आणायचं तर वेगवेगळ्या शक्तींना मिळालेली चित्रं स्पंदाच्या आकाराप्रमाणे वजन देऊन एकमेकांत मिळवा. तासाभराचं काम आहे, आणि त्यानंतर प्रयोगाची छायाचित्रं वेगळ्याच नजरेने वाचता येतात.

दुसरी वाट फोटोरिफ्रॅक्टिव्ह, म्हणजे प्रकाश पडला की अपवर्तनांक बदलणाऱ्या, स्फटिकांची. स्ट्रॉन्शियम बेरियम नायोबेट या स्फटिकावर व्होल्टेज लावून, त्यात प्रकाशाच्याच झोतांच्या व्यतिकरणाने जाळी उमटवतात. काही कोरावं लागत नाही, झोतांचे कोन बदलले की जाळी बदलते, आणि मिलिवॉट किंवा त्याहूनही कमी शक्ती पुरते. त्याच्या बदल्यात पदार्थ सावकाश प्रतिसाद देतो. या पद्धतीने फ्लायशर, सेगेव्ह, क्रिस्टोडुलिडीस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये द्विमितीय जाळीतले सॉलिटॉन दाखवले. रोममध्ये असांतो यांच्या गटाने द्रवस्फटिकांतही मिलिवॉटमध्ये अशी जाळी चालवली. तिसरी वाट काचेत फेम्टोसेकंद लेसरने गाइड लिहिण्याची. सेबब्रत मुखर्जी आणि मिकाएल रेक्ट्समन यांनी २०२० मध्ये अशाच काचेत टोपोलॉजिकल (लहानसहान दोषांनी न बिघडणाऱ्या) बँडगॅपमधले, म्हणजे जाळीतल्या साध्या लाटांना बंद असलेल्या पट्ट्यातले, सॉलिटॉन दाखवले. मुखर्जी आता बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहेत, तेव्हा एमएस्सीनंतर या कामात शिरायचं असेल तर देश सोडायलाच हवा असं नाही.

पुढचं काम

एकमितीय रांग हाताखालून गेली की ४१ × ४१ चा चौकोनी ठोकळा घ्या. प्रत्येक गाइडला आता चार शेजारी आहेत, बाकी नियम तोच. आधी कागदावर पाचव्या पायरीचा युक्तिवाद पुन्हा करा: जोडीच्या भागाची कमाल मर्यादा आता ४ × क × शक्ती होते, म्हणून पांगणं अशक्य करणारी शक्ती ४ ऐवजी ८ येते. मग न्यूटनची पद्धत लावून ब कमी करत ४ कडे न्या आणि प्रत्येक ब ला एकूण शक्ती किती ते आलेखावर मांडा. एकमितीत हा आलेख शून्याकडे उतरत गेला होता. इथे तो एका ठिकाणापर्यंत उतरेल आणि मग ब आणखी कमी करताना पुन्हा वर वळेल. त्या तळाची शक्ती म्हणजे द्विमितीतली खरी किमान शक्ती. त्याखाली कुठल्याही आकाराने शिरलात तरी सॉलिटॉन नाही. वळणाच्या ज्या बाजूला ब वाढला की शक्ती वाढते, त्या बाजूचे आकार स्थिर आणि दुसऱ्या बाजूचे अस्थिर असतात. दोन्ही बाजूंचा एकेक आकार घ्या, त्यात शंभरातला एक इतका गोंधळ मिसळा आणि अंतर ५० पर्यंत चालवून पाहा.